बुवाच्या चिठ्ठीखालची बाई

८ जानेवारी १९३९, रवि.
रविवारची फोनोची बैठक जोरात. ओटा भरला. कापसाच्या गाड्या सरकी काढायच्या जिनाबाहेर तटून आहेत, गाडीवाल्यांना दुसरं काम नाही, तेही येऊन बसले. भिकूलाल दलालाची नेहमीची फर्माईश: नाटकातलं पद लावा. म्हटलं, ते हॉटेलात ऐका, चहाबरोबर फुकट मिळतं. माझ्या ओट्यावर तेच वाजणार जे सबंध वाशिमात दुसरीकडे वाजत नाही. लोक मोडके फोनो माझ्याकडे दुरुस्तीच्या घड्याळांबरोबर टाकून जातात, त्यांतल्या प्लेटी मी ठेवून घेतो. निम्म्या कुणी दोनदा ऐकल्या नसतील. गाणारे काय वेडे होते?

सनई लावली, मग एक शाहीर, मग बुवा. 'बुवा' म्हणजे प्लेटीच्या मधल्या चिठ्ठीवर कुणा बुवाचं नाव, आणि आत गाते बाई! कारखान्यात चिठ्ठी भलतीच डकवली. आवाज गोड नाही. कोरडा, पण शब्द टाकते तो जागच्या जागी बसतो. भिकूलालसुद्धा नाटकाचं पद विसरला. जिंकलो.

१५ जाने., रवि.
आज भलतंच झालं.

जुन्या प्लेटींत गाणं संपलं की गाणारा आपलं नाव पुकारतो, चिठ्ठ्यांचा घोळ होऊ नये म्हणून. मला ते पुकारणं आवडत नाही. सुंदर जेवणानंतर वाढप्याने 'मी वाढलं, मी वाढलं' ओरडावं तसं वाटतं. गाणं संपायच्या बेतात आलं की मी पिन उचलतो. सगळ्याच प्लेटींची उचलतो. आज 'बुवा' चालू असताना एक गिऱ्हाईक घड्याळ घेऊन आलं, मी आत गेलो आणि पिन शेवटपर्यंत गेली. बाई स्वच्छ बोलली:

"मी कौसा रिठदकर."

रिठदचा गणपत गाडीवान ताडकन उभा. "घड्याळजी! कौसा त मेली नं! आमच्या पाटलाची बहीण थे. मामाच्या गावी पटकीनं गेली. मी लहान होतो, तेरवी जेवलो मी. बुंदी होती!"

कुणी हसलं. गणपत हसला नाही. पुन्हा लावायला लावली, पुन्हा तेच नाव. गणपत म्हणतो, प्लेटीतली दोन कडवी ती विहिरीवर म्हणायची.

रात्री जेवताना सौ. एवढंच म्हणाली, "चार वर्सं बाईले घरात ठेवलं, अन् नाव आयकून घेतलं नाही." मी वरण मागितलं.

२२ जाने., रवि.
रिठदहून बैलगाड्या भरून माणसं! संक्रांतीला एवढी आली नव्हती. सगळ्यांना 'बुवा'च पाहिजे. मीही पिन उचलली नाही. नाव आलं की बायका पदर तोंडाला लावतात. एक म्हातारी म्हणाली, "गेली फडासंग, हे त साऱ्याईले ठाऊक होतं. पण मेली म्हनलं बापानं, मंग आमी बी मेली म्हनलं."

म्हणजे गाव तेरवी जेवलं ते डोळे उघडे ठेवून. धन्य.

२५ जाने.
रिठदच्या उकंडराव पाटलाचा माणूस आला. प्लेट द्या, मागाल ते देऊ. विचारलं, पाटलांकडे फोनो आहे? नाही म्हणाला. मग प्लेट कशाला, पापड भाजायला? तो गोरामोरा झाला. मोडायलाच पाहिजे होती हे उघड आहे. सांगितलं, माझ्या दुकानातून प्लेट बाहेर जात नाही. राजा आला तरी नाही. ज्याला ऐकायचं त्याने ओट्यावर यावं, घोंगडीवर बसावं.

छान बोललो. स्वतःवर खूश.

३१ जाने.
पाटील स्वतः आले. पन्नाशीच्या आतबाहेर, धिप्पाड, पांढरं पागोटं. काखेत भिंतीवरचं घड्याळ, फडक्यात बांधून. "मागं पडून राह्यलं." उघडून पाहिलं. माझ्या दुकानातल्या कुठल्याही घड्याळापेक्षा बरोबर चालत होतं. तरी तेल घातलं, पुसलं, वेळ काढला. माणूस बोलायला आला आहे एवढं मलाही कळतं.

"थे प्लेट हाये म्हनते तुमच्यापाशी."
"आहे. लावू?"
"नाही, नाही."

मग हळूहळू निघालं. पोरीचं लग्न जऊळक्याला जुळत आहे. फाल्गुनात साक्षगंध, लग्न त्यानंतर. तिकडच्यांना सांगून ठेवलं आहे की एक आत्या होती, लहानपणीच वारली. आता त्यांच्या कानावर गाणारी आत्या गेली तर जुळलेलं मोडेल.

मी विचारलं, खोटं कुणी सांगितलं?

"बापानं. मी सतरा-अठराचा असन. म्हने, आजपासून थे मेली. तुमी बापाले नाही म्हनलं असतं काय? डोस्कं बी माह्यंच भादरलं." पागोट्यावरून हात फिरवला. जणू कालच भादरलंय.

भांडायची जय्यत तयारी होती माझी. ती कुठे गेली कोण जाणे. प्लेट देणार नाही हे सांगितलंच. पण लग्न पार पडेपर्यंत नावाआधी पिन उचलेन, एवढं कबूल केलं. सौ.ला पटलं. मला अजून नाही. चिठ्ठी चुकली ती कारखान्याने नकळत चुकवली, मी आता जाणूनबुजून चुकवणार.

५ फेब्रु., रवि.
नीट लिहून ठेवतो.

ओट्यावर पाय ठेवायला जागा नाही. समोर लिंबाखाली उकंडराव पाटील उभे. मी पिन उचलतो की नाही ते पाहायला आले असणार. पुढच्या घोंगडीवर एक अनोळखी गृहस्थ, कोट, काळी टोपी, जऊळक्याहून आगगाडीने आलेले. नाव देवराव. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

'बुवा' लावला. बाई आज फार छान गायली. (मूर्खासारखं लिहिलं. ती रोज तशीच गाते. पण लिहिलं ते खरं आहे.) गाणं संपत आलं, पिन उचलली.

देवराव म्हणाले, "काहून उचलली, घड्याळजी? मी गानं आयकाले नाही आलो. नाव आयकाले आलो. पाटलाचा होनारा व्याही हाओ मी."

मी म्हटलं, पिन झिजली. माझ्या ओट्यावरचं पहिलं खोटं.

"पिन त आताच बदलली तुमी," भिकूलाल. चांडाळ.

लोक हसायला लागले. मी डबीत नवी पिन शोधण्याचं सोंग करत होतो. तेवढ्यात लिंबाखालून आवाज आला. मोठा नाही.

"कौसा रिठदकर."

सगळे वळले. पाटील पुढे आले. "माही बहीण हाये थे. मेली नव्हती. गानं शिकाले गेली. तेरवी खोटी होती. जे जेवले असन, त्याईनं माफ करा."

देवराव उठले, टोपी नीट केली, जोडे घातले आणि कुणाकडे न पाहता स्टेशनकडे चालू लागले. पाटील त्यांच्या मोकळ्या जागेवर येऊन बसले. मला म्हणाले, "आता पुरी लावा."

पुरी लावली. नाव आलं तेव्हा पाटलांनी पागोटं काढून तोंडावर धरलं. मला रडू आलं. आलं म्हणून लिहितो. सौ. दाराआड होती, तिलाही.

१२ फेब्रु., रवि.
जऊळक्याचा निरोप नाही. पाटील सकाळीच आले, बैठकीच्या आधी. दोनदा ऐकली. मग विचारतात, "जिती असन काय?"

प्लेटीवरून ते कसं सांगणार? म्हटलं, गायली तेव्हा होती.

त्यांच्या मनात आहे अकोल्याला जायचं, तिथून अमरावतीला. फडातली जुनी माणसं, सारंगीवाले शोधायचे, प्लेट ऐकवायची. नाव तिने बदललं असेल, आवाज ओळखतील. तेवढ्यासाठी प्लेट पाहिजे. फोनोची पेटीही.

नाही म्हणालो. रस्त्यात आपटली, उन्हात वाकली, तर दुसरी कुठून आणू? ही एकच आहे. चार गावांत विचारून पाहिलं आहे. नियम म्हणजे नियम. पाटील "बराबर हाये" म्हणाले आणि गेले. भांडले असते तर बरं झालं असतं.

सौ.ने ताट समोर आदळलं. भाकरीवर लोणी मात्र होतं. म्हणजे राग माझ्यावर, भुकेवर नाही.

१३ फेब्रु.
दिवसभर एक खिशातलं घड्याळ उघडून बसलो, काम झालं नाही. दर रविवारी ओट्यावर तोंड वर करून सांगतो की गाणं पेटीत ठेवायला नसतं, सगळ्यांनी ऐकावं. सगळ्यांनी म्हणजे माझ्या ओट्यावर येऊन, माझ्या घोंगडीवर बसून, माझी तारीफ करून. ज्याची ती बहीण आहे त्याला मात्र नियम.

सौ.ला म्हटलं, रिठदला निरोप धाडतो. ती म्हणाली, "धाडला मी सकाळीच."

१५ फेब्रु.
दिली. पेटी, प्लेट, पिनांच्या दोन डब्या. प्लेट आधी मऊ लुगड्यात, मग गोधडीत, गोधडी पाटलांच्या मांडीवर. चावी किती द्यायची ते शिकवलं. दर वेळी नवी पिन. उन्हात ठेवायची नाही, वर काही ठेवायचं नाही, कुणाच्या हाती द्यायची नाही. पाटलांनी ओट्यावर स्वतः लावून पाहिली. नांगर धरणारा हात, पिन टेकवायला दुसरा हात आधाराला घेतला. आणि मी हजारदा सांगितलं की शेवटपर्यंत चालू द्यायची. मधेच उचलायची नाही.

स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडी हलली तशी डब्याबरोबर चार पावलं चाललो. पाटलासाठी की प्लेटीसाठी? दोन्हीसाठी.

१९ फेब्रु., रवि.
बैठक. मोडक्यांतला एक फोनो जुळवून चालू केला. लोकांनी 'बुवा' मागितला. 'बाई' म्हणा, म्हटलं, आणि बाई अकोल्याला गेली आहे. भिकूलालने पुन्हा नाटकाचं पद काढलं. नाही लावलं. एका म्हाताऱ्या गोंधळ्याची प्लेट लावली, दोन वर्षांत काढली नव्हती. शेवटी नाव सांगतो: 'मी शंकर, गाव मेहकर.' मलाही आजच कळलं. आता सगळ्याच प्लेटी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायच्या ठरवल्या आहेत. बरंच काम आहे.

पाटलांचं काही कळलं नाही.

२६ फेब्रु., रवि.
बैठक उठली तरी एकजण बसून. देवराव, जऊळक्याचे. आज टोपी हातात.

"पाटलाचा काही पत्ता?"
"नाही."
"साक्षगंध आमी पुढं ढकललं. त्याईले सांगजा."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, मोडायचं असेल तर मोडलं म्हणा, पोरीला टांगून ठेवू नका. त्या माणसाने माझ्या ओट्यावर भर लोकांत खरं सांगितलं, तुम्ही निदान माझ्यापाशी तरी सांगा.

देवराव शांत. "तसं नाही, जी. आत्या हाये म्हनल्यावर आत्याबिगर साक्षगंध कसं कराव? सापडू द्या आधी."

आणि गेले. हा मोठेपणा की गोड शब्दांत नकार? बारा वेळा मनात घोळवलं. घड्याळ असतं तर उघडून पाहिलं असतं.

सौ.ची खात्री आहे. म्हणते, "बाई सापडन, अन् येईन." रिठदला जायचं तर वाशीमलाच उतरावं लागणार, म्हणजे आधी आपल्याच घरी. आतल्या खोलीतले मोडके फोनो मला माळ्यावर चढवायला लावले. जागा करते आहे. सगळं चढवलं, तिच्या तोंडावर "हो, येईल" म्हणालो. मला खात्री नाही हे इथे लिहितो, तिला सांगणार नाही.

संध्याकाळच्या गाडीला स्टेशनवर जाऊन आलो. पाटील उतरले नाहीत. उद्या पुन्हा जाईन.