बिनशेपटीचे निरोप

तीर्थरूप मावशीस, वाकून नमस्कार.

माझं आयुष्य बदललं ते गेल्या मंगळवारी सकाळी सव्वाअकराला, सरांच्या खोलीत मी टेबलावर मूठ आपटली तेव्हा. (मूठ बरी आहे. टेबल लोखंडी होतं.) तुझे गुडघे कसे आहेत? काका सांगतात तसा शेक घेत जा. कुणाचं न ऐकण्यात मी तुझ्यावरच गेलोय, असं आई म्हणते.

कॉलेज अर्धवट सोडून (वाद झाला, चूक प्राध्यापकांची होती) मी इथे प्रयोगशाळेत नळ्या धुतो, हे तुला माहीत आहे. आठ महिने टिकलो कसा, ते माहीत नाही. मागच्या पत्रात लिहिलं होतं ना, ती मुलगी इथेच पीएचडी करते. तिचं सगळं चित्त हिस्टोनवर. म्हणजे पेशीतली रिळं गं. डीएनएचा लांबलचक धागा त्यांच्यावर गुंडाळलेला असतो. पेशी दुप्पट व्हायच्या आधी धागा दुप्पट होतो, मग रिळंही तेव्हाच, भराभर हवीत. रिळं बनवायचा निरोप आरएनएवर लिहून येतो. इतर निरोपांना मागे लांब शेपूट असते, यांना नाही. यांच्या टोकाला नुसतं इवलंसं वेटोळं. एक प्रथिन येऊन ते वेटोळं घट्ट धरतं, तेव्हा कुठे पेशीचा कारखाना तो निरोप नीट वाचायला घेतो. धागा दुप्पट झाला की हे प्रथिन मोडीत निघतं आणि पाठोपाठ निरोपही. (हे तिने मला समजावलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, जा, डोळे धुऊन ये, ब्लीच उडालं असेल.)

तिचा प्रयोग असा: काही पेशींत ते प्रथिन ठेवायचं, काहींतून काढायचं, आणि कारखान्यात वाचले जात असलेले हिस्टोनचे निरोप दोन्हीकडे मोजायचे. तीन आठवडे ती घड्याळ लावून पेशी काढत होती. मंगळवारी आकडे आले. दोन्हीकडे जवळजवळ शून्य! सर (तिचे गाईड) म्हणाले, "बाई, यात काही नाही. गुंडाळा हा विषय." ती खाली बघत राहिली आणि माझं डोकं फिरलं. तुम्ही अशा घड्याळ लावून पेशी काढून दाखवा म्हणालो, तुम्ही कधी नळी हातात धरलीय का म्हणालो, मूठ आपटली. बाहेर आल्यावर ती हळूच म्हणाली, "एवढं ओरडू नकोस रे. पेशी दचकतील." पण हसली! माझ्यासाठी इतकं कुणी भांडलं नव्हतं, म्हणाली. मावशी, मी दोन दिवस जेवलो नाही. सरांनी मात्र विषय बदलायला तिला सोमवारपर्यंत मुदत दिलीय.

तुझा लाडका (आईच्या मते बिघडवलेला) भाचा

ता. क. एक गोष्ट राहिली. निरोप गाळायचं काम तिने माझ्यावर सोपवलं होतं. आमच्याकडे चुंबकी मणी असतात, ते निरोपाला शेपटीने पकडतात. उरलेलं पाणी टाकून द्यायचं. बाकी सगळ्यांच्या कामाला तेच चालतं. माझ्या नळ्यांना मणी वापरू नकोस, असं तिने बजावलं होतं म्हणे. मी तेव्हा तिच्या कानातल्या डुलाकडे बघत होतो, आणि मणीच वापरले. म्हणजे हिस्टोनचे बिनशेपटीचे निरोप टाकाऊ पाण्यात गेले, आणि सरांवर ओरडलो मी.

ता. क. दुसरा. ते पाणी मी फेकलेलं नाही. कंटाळा आला म्हणून नळ्या तशाच उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये खाली ढकलल्या होत्या. आत्ता पाहून आलो, सगळ्या आहेत. तिचा विषय वाचेल. फक्त ते तसलं हसू मला पुन्हा मिळायचं नाही. म्हणून खरी विनंती: नोकरी गेली तर बाबांना आधी तू सांग, आणि मला पुन्हा कॉलेजात नाव घालायचंय हेही. जीवशास्त्राला. तुझं ते ऐकतात.

ती वर प्रयोगशाळेत एकटी आहे, सांगायला निघालो. (अक्षराला हसू नकोस, हे भिंतीला कागद टेकवून लिहितोय.) नळ्या धुवायच्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलंय.