बारीक माती

४ मार्च १९९६, दिल्ली

आजही वॉशबेसिनं तडकली! भट्टीत जाण्याआधीच, सुकताना. नवी चक्की आल्यापासून हेच. माती मैद्यासारखी दळतात. कण इतके बारीक की आतल्या पाण्याला निघायला वाटच नाही — आणि निघतं तेव्हा माती जास्त आकसते, फाटते. थोडे जाड कण हवेतच. तेच तिला धरून ठेवतात. लॅबमधून मी तीनदा सांगितलं. मालकाचा मुलगा, चढ्ढा, हसतो. "मॅडम, नये फ्लैटवालों को चिकना माल चाहिए।" अंशुमन तिथं प्रॉडक्शन मॅनेजर, घरी माझा नवरा — दोन्हीकडे गप्प!

७ मार्च

आता मॅनेजमेंट म्हणे, कामगारच मुद्दाम बेसिनं फोडतात! युनियनच्या विष्णूवर संशय. डोकी फिरलीत यांची.

११ मार्च

लॅबमध्ये मी जाडसर दळलेल्या मातीचं केलेलं बेसिन सुकलं. एक तडा नाही! हाताला किंचित खरखरीत, बस. ग्लेझच्या चकचकीत थराखाली तेही झाकलं जाईल. चढ्ढाला दाखवायला धावत शेडमध्ये गेले.

तिथं बाहेरची चार माणसं विष्णूला लोखंडी सळयांनी मारत होती. हाड मोडलेलं ऐकू आलं मला. किंचाळले, "मिट्टी की गलती है! इसकी नहीं!" एकानं ढकललं. कपाळ साच्यावर आपटलं, डोळ्यांत रक्त. हाताला खाली पडलेली एक सळई लागली — मी उचलली. होय, मी! ढकलणाऱ्याच्या गुडघ्यावर घातली. तो कोसळला. अजून मारावंसं वाटत होतं.

१२ मार्च

पाच टाके. अंशुमन जखम पुसताना रडला. "पोलिसांत नको जाऊस, अरुणा. दोघांच्या नोकऱ्या जातील. मयूर विहारचा फ्लॅट जाईल." एवढा घाबरलेला कधी पाहिला नव्हता.

१३ मार्च

हॉस्पिटलमध्ये गेले. विष्णू शुद्धीवर नाही. त्याच्या बायकोनं, कौशल्यानं, दारातच अडवलं. "पहले अपने साहब से पूछिए।"

काय विचारू?

१४ मार्च

विष्णू गेला.

अंशुमनला विचारलं. मान खाली घालून म्हणाला, "फक्त धमकावायला बोलावलं होतं गं मी त्यांना."

पोलीस ठाण्यात त्याचं नाव मीच दिलं.