ओठांना लावलेलं पाणी

उमरठ,
ता. १३ एप्रिल १९९८

चि. सारिकाला जानकीबाईचे पोटभर आशीर्वाद.

शिमग्याला येते म्हणून आपल्या वाडीतल्या भरतकडे निरोप धाडलास आणि विसरलीस. पालखी अंगणात नाचून गेली. मी दोन ताटं वाढली होती, दोन्ही मीच जेवले. मुंबईत राहिलं की सासर कुठल्या तालुक्यात ते आठवत नाय वाटतं. पोलादपूर गो, पोलादपूर.

इकडे सगळं बरं. म्हैस व्यायली, पारडी झाली. हे पत्र शाळेच्या शुभदाबाई लिहून देतायत. त्या माझं बोलणं शुद्ध करतात, मी ते पुन्हा बिघडवते.

शुक्रवारी त्यांना सुट्टी, म्हणून दुपारी त्यांच्याकडे टीव्ही बघायला गेले. येशूचा सिनेमा होता. मला वाटलं, देवाचा सिनेमा, म्हणजे ऐन वेळी कुणीतरी धावत येणार. कुणी आलं नाय. पंगतीला बारा जण बसले होते. खिळे ठोकताना एखादा दिसला तर दिसला. उभ्या होत्या त्या बायका. त्यात त्याची आई.

तो वर टांगलेला, आणि म्हणतो, तहान लागलीय. एका शिपायानं काठीला बोळा लावून काहीतरी आंबट त्याच्या तोंडाशी नेलं. शिपायानं! आई खाली उभी, तिला पुढं जाऊ देत नव्हते. माझ्या हातातला चहा तसाच निवला. बंद करा म्हटलं, तर शुभदाबाई म्हणाल्या, तिसऱ्या दिवशी उठतो तो, बघा तरी. उठो बापडा. त्याच्या आईचं बरं झालं.

सारिका, भिकू आंब्यावरून पडला तेव्हा महाडच्या दवाखान्यात त्याचं पाणी बंद केलं होतं. तू पदर भिजवून त्याच्या ओठांना लावलास. तासाभरात तो गेला आणि मी वाडीतल्या बायकांसमोर म्हटलं, हिनं पाणी पाजून माझा लेक मारला. डॉक्टरांनी मला मागाहून सांगितलं की तो वाचणारच नव्हता, पाण्याचा काही संबंध नाय. ते मी तीन वर्षं कुणाला सांगितलं नाय.

आणखी एक हाय. शुभदाबाईंचा हात थांबलाय. लिहा, म्हटलं.

तू औषध आणायला खाली गेली होतीस, तेव्हा भिकूनं पाणी आधी माझ्याकडं मागितलं. "आये, घोटभर दे." मी उठून व्हरांड्यात गेले. त्या बाईला शिपायांनी अडवलं होतं. मला कोण अडवत होतं?

जाणाऱ्याच्या तोंडात पाणी आपल्या माणसानं घालायचं असतं. ते तू घातलंस. माझा लेक तहानलेला गेला नाय, ते तुझ्यामुळं. तुझे उपकार हायत गो माझ्यावर. वर विसरलीस म्हटलं खरं, पण तू काही विसरत नाहीस. एसटीत पाय ठेववत नसेल, ते मला कळतं. मे महिन्यात नातीला घेऊन ये. ज्या बायकांसमोर तेव्हा बोलले, त्यांच्यासमोरच हे सगळं सांगेन.

भरत पंधरा दिवसांनी गावी येतोय. त्याच्या हाती तुझ्या हातचे रव्याचे लाडू धाड. मला दात उरले नाहीत, तेव्हा मऊ वळ. आजवर धाडलेस ते मी न चाखता वाटून टाकले. हे कुणाला देणार नाय.

भिकूची आई, आणि मानशील तर तुझी,
जानकीबाई