डाव्या अंगाचा चेंडू

छावणी, दक्षिण आफ्रिका
जानेवारी १९००

प्रिय केझियाताई,

हे पत्र तुला मिळेल तोवर इथलं सगळं होऊन गेलेलं असेल. म्हणून एकेक शब्द तपासून लिहितो आहे. आईचा खोकला कसा आहे? तू ज्यांच्याकडे कामाला आहेस त्या थ्रेलफॉल बाईसाहेब आपल्या मुलाची, म्हणजे आमच्या कॅप्टनसाहेबांची, खुशाली विचारत असतील. तीच लिहायला बसलो आहे आणि तीच लिहवत नाही.

इथेही रोज संध्याकाळी क्रिकेटच्या सरावाला साहेब मधल्या यष्टीवर अर्ध्या क्राउनचं नाणं ठेवतात आणि स्वतः बॅट घेऊन पुढे उभे राहतात. जो शिपाई चेंडू टाकून ते पाडील, नाणं त्याचं. कुणाला म्हणून ते जमत नव्हतं. मी त्यांचे बूट पुसतो, चहा करतो आणि चेंडू टाकतो. मला धड लिहायला त्यांनीच शिकवलं. शब्द चुकला तर रागावत नाहीत, त्यावर नुसतं बोट ठेवतात. मध्यंतरी ते घोड्यावरून डोक्यावर पडले आणि त्यानंतर मी लागोपाठ नाणं पाडू लागलो. पोरं म्हणाली, "एनॉक, साहेबांच्या चहात काय घालतोस रे?" मीही हसलो. मग साहेबांनी मला तंबूत बोलावलं, उजवा डोळा तळहाताने झाकला आणि म्हणाले, "आता तू कुठे उभा आहेस, मला सांगता येत नाही."

आमच्या कर्नलसाहेबांचा डॉक्टरांवर काडीचा विश्वास नाही. लढाईला निघण्याआधी प्रत्येक कॅप्टनला ते आपल्यासमोर फलंदाजी करायला लावतात. चेंडू नीट खेळला की तो माणूस कंपनी न्यायला लायक. साहेबांनी मला बायबलवर हात ठेवायला लावला, कुणापाशी एक शब्दही बोलायचा नाही म्हणून. त्यांच्या डाव्या अंगाने चेंडू टाकायचा नाही, हेही ठरलं. "आजारी म्हणून घरी गेलो तर आई दार उघडेल रे," ते म्हणाले, "पण वडिलांच्या लष्करी वेषातल्या तसबिरीखालून रोज कसा जाऊ?" मला नाही म्हणवलं नाही. ते कर्नलसाहेबांसमोर झकास खेळले. सार्जंट तेवढा माझ्या कानाशी पुटपुटला, "चेंडू टाकत होतास की घास भरवत होतास?"

गेल्या आठवड्यात आम्ही टेहळणीला गेलो. साहेब पुढे होते, त्यांच्यामागे आपल्या गावच्या बेकरीवाल्यांचा सायलस. ओढ्याच्या डावीकडे खडकात शत्रूचा एक बोअर शिपाई बंदूक रोखून उभा होता. मी बराच मागे होतो, तरी मला त्याची टोपी दिसली. साहेबांनी तिकडे मान वळवली, पाहिलं आणि म्हणाले, "रस्ता मोकळा आहे, चला." मी ओरडेपर्यंत सायलस पडला होता. त्याच्या आईला कळलं असेल. ती दुकानात भेटली तर तिला यातलं काही सांगू नकोस, ताई. साहेब तेव्हापासून जेवत नाहीत, पण कंपनी सोडायलाही तयार नाहीत. मी पाया पडलो. "आता सोडली तर सायलसला मी मारलं असं होईल," म्हणाले. डॉक्टरांकडे जावं तर साहेब नाही म्हणतील, मी खोटा ठरेन, आणि कंपनी त्यांच्याच मागून शत्रूची टेकडी चढेल. टेकडीवर डावीकडेच खंदक आहेत.

परवा पहाटे निघायचं आहे. आज संध्याकाळी कर्नलसाहेब पुन्हा सगळ्या कॅप्टनांचा खेळ पाहणार आहेत. मी बायबलवर हात ठेवला तो न बोलण्यासाठी, आणि मी बोलणार नाही. कर्नलसाहेबांच्या डोळ्यांदेखत मी प्रत्येक चेंडू साहेबांच्या डाव्या अंगाने टाकणार आहे, नाणं पुन्हा पुन्हा पडेपर्यंत, कर्नलसाहेब त्यांना नालायक ठरवून घरी पाठवेपर्यंत. पहिल्याच चेंडूला त्यांना कळेल. ते माझ्याकडे कसे बघतील, ते आत्ताच डोळ्यांसमोर येतं आहे.

हे तुला अशासाठी लिहिलं, की ते घरी येतील आणि त्यांचं सगळं तुलाच करावं लागेल. माझं नाव निघालं तर शिव्याच देतील. तू माझी बाजू घेऊ नकोस. फक्त त्यांच्याजवळ जाताना नेहमी उजवीकडून जा, आणि चहाचा कप उजव्या हाताशी ठेव. डावीकडून अचानक कुणी आलं की ते दचकतात, आणि आपण दचकलेलं कुणी पाहिलं की त्यांना फार लागतं.

तुझाच,
एनॉक