मोरीची कडी

वोल्फ्सबुर्ग,
१४ नोव्हेंबर २००७

प्रिय अरू,

फोनवर तू "बोल, आई" म्हणतेस आणि मी थंडी-पावसाचं बोलत बसते, म्हणून लिहिते आहे. कोलोन इथून आगगाडीने जेमतेम साडेतीन तास. तरी मी आल्यापासून तीन महिन्यांत तुझं येणं झालं नाही, आणि दिवाळीला दीनानाथकाका येणार हे कळल्यावर तर तुला नेमकं लॅबचं काम निघालं. प्रताप म्हणाला, "ताईचं नेहमीचंच." मी मान डोलावली. मान डोलावणं मला फार चांगलं जमतं.

तुझी भाची स्पृहा आता पाच वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. मी आले त्या आठवड्यात तिची वेणी घालायला गेले, तर मागे सरून म्हणाली, "आजी, फ्राग एर्स्ट!" आधी विचार. मला राग आला. नातीच्या केसांना हात लावायला परवानगी? नीता ओशाळली. "अहो आई, किंडरगार्टनमध्ये शिकवलंय." तिथे प्रत्येक मुलाला मोठ्या कागदावर आडवं करून भोवतीने रेघ मारली म्हणे, आणि कुणी कुठे हात लावलेला चालेल ते ज्याचं त्याने रंगवायचं. चालेल तिथे हिरवा, नाही तिथे लाल. स्पृहाने हात हिरवे केले, बाकी सगळी लाल, आणि नाक पिवळं, कारण नाकाचं तिचं अजून ठरलेलं नाही. तो कागद स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलाय. पोळ्या लाटताना रोज समोर असतो.

मी आता विचारते. ती कधी हो म्हणते, कधी नाही. नाही म्हटल्यावर पुन्हा खेळायला लागते, आभाळ काही कोसळत नाही.

आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी सुरी-काटा कसा धरावा, बसताना गुडघे कसे मिटावेत, सगळं शिकवलं. बोर्डिंगमध्ये आंघोळसुद्धा परकर न सोडता. "नो" म्हटलंच तर पाठोपाठ "थँक यू" हवं. चॅपेलमधल्या मेणबत्त्यांचा वास आठवला की मला आजही भरून येतं. पण नुसतं "नाही" म्हणता येतं, हे तिथे कुणी सांगितलं नाही, आणि जे मला मिळालं नाही ते मी तुलाही दिलं नाही. तुला दिली ती डोलणारी मान, आणि मोठ्यांना उलटून न बोलणं.

गुरुवारी पहिली आंघोळ. बाहेर मिट्ट काळोख. मी तेल कोमट केलं, पुण्याहून आणलेलं उटणं दुधात कालवलं. काकांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि वाटी उचलली. "चला, आमच्या जर्मन मडमेला तेल मी लावणार." बाथरूमच्या दारात स्पृहाने पंजा पुढे केला. "श्टॉप. नाइन." थांब. नाही. प्रताप कानकोंडा झाला. "स्पृहा, असं नाही करायचं. आजोबा किती लांबून आलेत!" काका हसले आणि म्हणाले, "अरे, असू दे. हिची आत्यापण अशीच अडून बसायची. शेवटी मीच लावायचो की नाही, वहिनी?"

अरू, त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं.

ठाण्याच्या घरातली मोरी मला दिसली. तू आठ वर्षांची, आतून कडी लावून बसलेली. मी बाहेरून आधी चिरोट्याचं आमिष दाखवलं, मग बाबांची भीती. कडी तू काढलीस ती माझ्या आवाजाला भिऊन. मी तुला एक चापट मारली, काकांच्या हवाली केलं आणि चकलीचा घाणा जळेल म्हणून परत फिरले. नंतर तुला त्यांच्या पाया पडायला लावलं. सतराव्या वर्षी तू मला एका वाक्यात सगळं सांगितलंस. मी तेव्हा मटार सोलत होते. म्हटलं, "तुझा काहीतरी गैरसमज झाला असेल." सोलत राहिले.

गुरुवारी मी त्यांच्या हातातली वाटी घेतली आणि बेसिनमध्ये उपडी केली. म्हटलं, "भाऊजी, हात धुवा आणि या घरातून चला." सोबत थँक यू नव्हतं. ते आता स्टेशनजवळच्या हॉटेलात रुसून बसलेत, आणि प्रताप कामावरून सुटल्यावर त्यांना डबा पोचवतो. तो माझ्याशी बोलत नाही. काल एवढंच म्हणाला, "आई, रविवारी मी काकांना परत आणतोय. एक तर कारण सांग, नाहीतर त्यांची माफी माग."

काका या घरात पाऊल टाकणार नाहीत. त्यासाठी मी दारात आडवी पडेन. पण कारण माझं नाही, तुझं आहे. ते माझ्या तोंडातून निघायचं की नाही, हे तू ठरवायचंस. सांगू का प्रतापला? नाही म्हणालीस तर मी तोंड उघडणार नाही. म्हातारीचं डोकं फिरलं म्हणतील, म्हणू देत. उत्तर दिलं नाहीस तर तेही नाहीच समजेन. सत्तावीस वर्षं उशिरा का होईना, पण मी दाराबाहेर उभी आहे, अरू, आणि या वेळी कडी वाजवणार नाही.

तू म्हणशील तेवढीच तुझी,
आई