उजवी बाही

२ डिसेंबर

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. जहाजाच्या शिवणखोलीत बसून दिवसभर बटणं लावता आणि वर खलाशांना टोमणे मारता, हे वाचून बरं वाटलं. तुमची जीभ काही समुद्रावर गारठली नाही.

पण पुढचं मी चारदा वाचलं. या हिवाळी सफरीत तुमचं जहाज तुमचे दादा कामाला गेलेत त्या गावाला एक दिवस थांबणार. वर्ष झालं, त्यांची एक ओळ नाही. माझा भाऊ म्हणतो, त्याने तुला टाकलंय, माहेरी ये, दुसरं स्थळ बघू. रोज डोकं खातो. ठमी शाळेत सांगते, बाबा येणार आहेत, आणि घरी येऊन मला विचारते, खरंच ना? मी काय सांगू?

तुमच्या कंपनीच्या पत्त्यावर एक स्वेटर पाठवलाय, तेवढा त्यांना द्या. आणि ते परत येणार की नाही, हे विचारून कळवा. जीव नुसता टांगणीला लागलाय.

आहे तो लोभ आटू देऊ नका.

तुमची,
वहिनी

१९ जानेवारी

ति. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दादा जुन्या पत्त्यावरच भेटला. मासळीच्या कारखान्यामागे तिसऱ्या मजल्यावर खोली. एकच खिडकी, तिच्या फुटक्या काचेला कागद चिकटवलेला. चहा मीच केला. मला बघून रडला आणि वर मलाच म्हणाला, जाडी झालीस.

वहिनी, कसं लिहू? त्याने तिथे दुसरं घर केलंय. बाई भेटली नाही, पण आहे. तो परत येणार नाही. तू वाट बघू नकोस, तुझा भाऊ म्हणतो ते ऐक. हवं तर माझ्यावर राग धर.

स्वेटर दिला. छान बसला. उजवी बाही तेवढी जास्त होत होती, ती तिथेच शिवून टाकली. मग भोंगा झाला आणि धावतपळत जहाज गाठलं. ठमीला पापा.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही, तरी ठेव.

तुझी,
नणंद

६ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

पत्र वाचून अंथरूण धरलं होतं. मग उठून पुन्हा वाचलं.

मी दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवून मापते. डावी बरोबर बसली आणि उजवीच जास्त कशी झाली? आणि शिवून टाकली म्हणजे काय? दुमडलीत, की तोंड बंद केलंत? दुसरा संसार थाटलेला माणूस पहिल्या बायकोने विणलेला स्वेटर अंगात घालून बहिणीपुढे बसतो होय? वन्सं, तुम्हाला बाकी सगळं खोटं लिहिता येईल, शिवणातलं येत नाही. त्यांनी शपथ घातली असेल, तर ही माझी त्याहून मोठी. त्यांच्या हाताचं काय झालं ते लिहा.

तुमच्यावर राग नाही. उत्तर मात्र लगेच हवं.

वहिनी

२२ फेब्रुवारी

ति. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

कोपरापासून हात गेला. गेल्या हिवाळ्यात, कारखान्यातल्या यंत्रात. म्हणून पत्रं बंद झाली. आता तिथेच फरशा धुतो. बाईबिई कोणी नाही. तू सुटावीस म्हणून त्यानेच ती रचली. म्हणाला, असा मी तिच्या गळ्यात पडू? लहान मुलासारखा रडत होता, मला बघवेना, आणि मी हो म्हणून बसले. अक्कल गहाण टाकली मी.

मार्चअखेर तो खोली सोडणार आहे आणि नवा पत्ता कुणालाच देणार नाही. आमचं जहाज आता वर्षभर तिकडे फिरकत नाही. वहिनी, घाई कर.

जमलं तर माफ कर.

तुझी,
नणंद

१० मार्च

अहो,
स. न. वि. वि.

वन्संनी सगळं लिहिलं. त्यांच्यावर चिडू नका, मीच खोदून काढलं.

तुमच्यावर मात्र मी चिडलेय. माझं काय चुकलं, हे वर्षभर रोज स्वतःला विचारत होते. तुम्ही तिकडे बसून माझं परस्पर ठरवून मोकळे झालात. मला विचारलंत?

खोली सोडू नका. हे पत्र वेळेत पोचावं म्हणून आजच टपालात टाकतेय. तिकिटाची सोय मी केलीय, कशी ते विचारू नका. ठमीचा तुम्हाला नमस्कार. तिला अजून काही सांगितलेलं नाही.

लिहिता येत नाही म्हणून गप्प बसलात ना? मग डाव्या हाताने कागदावर एक रेघ ओढा आणि पाकिटात घालून पाठवा. वाकडी चालेल. ती आली की मी निघते. नाही आली तरी निघते.

तुमचीच