बोळवण नसलेलं गाणं

३ फेब्रुवारी, अणदूर

पोचलो एकदाचा. सोलापूरहून एसटीनं, बास गिटार मांडीवर घेऊन. कंडक्टर म्हणाला हिचं अर्धं तिकीट लागेल. मी म्हटलं, घ्या, पण मग खिडकी तिची. शेजारचा म्हातारा जाम हसला. रणधीरच्या आईनं, कमलकाकूंनी, आल्या आल्या हुरडा भाजून पुढ्यात ठेवला. वर शेंगदाण्याची चटणी. दोन पुणेकरांना संपलं नसतं एवढं खाल्लं मी.

रणधीर आमच्या बँडचा गिटारवाला. आमचं प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे गाणं वीस मिनिटांचं असलं तर छोटं. शेवटचं गाणं वेडावर होतं, शब्द त्याचेच. ते अर्धवट टाकून गेल्या वर्षी तो गावी आला आणि आल्यापासून नुसता बसून आहे. गाणं पुरं करायचं आणि जमलं तर त्याला परत न्यायचं, एवढ्यासाठी आलोय. त्याच्याशिवाय बँडमध्ये काही राम नाही.

५ फेब्रुवारी

रणधीर दिवसभर दारात बसतो. गुडघ्यावर सात मात्रांची लय वाजवतो, तीच आमच्या गाण्याची. मला ओळखत नाही. काकू त्याला दोन ताटं वाढतात आणि तो दोन्ही संपवतो.

गाण्याचे शब्द कुठून आले ते आज कळलं. तो गाणं लिहायच्या आधी इथं घरात खंडोबाचं जागरण झालं होतं. वाघ्या बिरदेवबुवांनी एकेका देवाला नाव घेऊन जागराला बोलावलं. रणधीरला ते आवतन फार भावलं. त्यानं गाण्यात घेतलं, पण देवांची नावं गाळली. ज्याला घर नाही त्यानं माझ्यात यावं, असं केलं. आणि पाहुण्यांना निरोप द्यायची शेवटची बोळवण कापून टाकली. ती लयीत बसत नव्हती म्हणे.

काकू म्हणाल्या, बोलावलेल्याला जा म्हणावं लागतं, न्हायतर त्यो ऱ्हातो. मी मान डोलावली. आईच्या मनाचं काय सांगावं.

८ फेब्रुवारी

आज आवतन मी गायलो. काकूंनीच गळ घातली, रणधीरच्या समोर बसून मोठ्यानं म्हण म्हणाल्या. पुन्हा म्हण, पुन्हा म्हण. मला वाटलं गाणं आवडलं त्यांना. बरं वाटलं.

गाता गाता रणधीर भिंतीला टेकून झोपला. काकू त्याच्या पायाशी बसून रडत होत्या. तो असा झोपून महिने झाले होते.

११ फेब्रुवारी

रणधीरनं दाढी केली. चहा मागितला. मला ओळखून युवराज अशी नावानं हाक मारली. मी त्याला मिठी मारली आणि खूप आनंद झाला पाहिजे होता. झाला असेल. डावा हात बधिर आहे. बोटं गुडघ्यावर वाजत राहतात, मी थांबवली की दुसऱ्या हाताची सुरू होतात.

जेवताना काकूंनी माझ्यापुढं दोन ताटं ठेवली. दोन्ही संपली.

१४ फेब्रुवारी

बिरदेवबुवा आले होते. मी दारात, त्यामुळं सगळं ऐकलं. ते म्हणत होते, पाहुणा ज्यानं शेवटी बोलावला त्याच्याकडं उतरलाय. आता बोळवण त्या पोरानंच म्हणायची, म्या शिकवतो. काकूंनी त्यांना उंबरा ओलांडू दिला नाही. हितून निघाला आन् माघारी माझ्याच लेकरात शिरला तर, म्हणाल्या. आत्ता कुठं जेवाया लागलंय माझं लेकरू.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. चिडायला हवं होतं. बसून राहिलो.

१७ —

रणधीर गेला. बास माझी घेऊन गेला. एसटीत तिला खिडकी दिली असेल. मलाही चल म्हणाला होता. उठता आलं नाही. उठायचं कशाला, असं कुणीतरी म्हणालं. आवाज माझाच.

काकू पाया पडल्या माझ्या. तुझ्या आईला म्या काय त्वांड दाखवू, म्हणाल्या. मग वाढलं.

कुठलीशी —

ऊन आहे. भूक दोघांची. आई हुरडा देते. काकू. काकू देते.

नंतर

आई रानात गेली आहे. बुवा मागच्या खिडकीशी आले. बोळवण सांगून गेले. लिहून घ्या, म्हणाले, मग मोठ्यानं म्हणा. सोपी आहे, कुणालाही येईल. तोंड उघडत नाही म्हणून आधी लिहितो — लिहिलं की म्हणता —

आलास. बसलास. पोटभर जेवलास. आता माझ्या अंगातून —

आता माझ्या अंगातच —